ओतकाम

पहिल्या महिन्यात मला चौदा सूचना मिळाल्या.
डावा हात ताठ. उजवं कोपर बरगडीला चिकटून.
डोकं हलायचं नाही, कंबर मात्र फिरली पाहिजे.
मनगट नेमकं कुठं मोडायचं ते कर्नलसाहेब
माझं मनगट धरून दाखवत.
साच्यांचे हिशेब ज्या वहीत असायचे
तिच्या मागच्या पानावर मी सगळं उतरून घेतलं
आणि चेंडूसमोर उभा राहिलो,
पेपर कोरा सोडून आलेल्या पोरासारखा,
वय एकसष्ट.

चेंडू कधी डावीकडं, निलगिरीत.
कधी उजवीकडं, कुंपणापलीकडच्या म्हशीपर्यंत.
एकदा तर तो जागचा हललाच नाही,
लाल मातीचं ढेकूळ तेवढं उडालं, लांब, अगदी सरळ,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या
ढेकळाला.

कॅम्पात मी आलो तो डॉक्टरनं चाला म्हटलं म्हणून,
आणि जावयानं जुन्या काठ्यांची पिशवी
माझ्या दारात ठेवली म्हणून.
उद्यमबागेतली आमची भट्टी पोरानं बंद केली,
चार वर्षं झाली. आता तिथं टाइल्सचं गोदाम आहे.

पिशवी उचलायला निंगाप्पा.
हिंडलग्याकडून सायकलनं येतो,
कन्नडात मोजतो, मराठीत शिव्या घालतो,
आणि खेळणाऱ्याशी बोलत नाही.
पाच महिने माझ्याशीही बोलला नाही.
मग एका सकाळी, धुकं अजून गवताला धरून होतं,
म्हणाला, "काय करूलालाय मालक?
चेंडू मारूलालाय की साप?"

म्हटलं, सांग मग तू पंधरावी.
म्हणाला, "मी कशाला सांगू?
जन्मभर हातानं काय केलासा, ते करून दाखवा की."

लाज वाटली. तरी दाखवलं.
रिकाम्या मैदानात, रिकाम्या हातांनी
लेडल उचललं.
पलीकडच्या टोकाला दस्तगीर असायचा,
त्याच्या पावलाला माझं पाऊल.
आधी गुडघे. मग कंबर. हात सगळ्यात शेवटी,
आणि हातांनी काही करायचं नाही, नुसतं सोबत जायचं.
घाई केली तर कास्टिंगला भोकं पडतात,
मध्येच थांबलं तर धातू साच्यात सांधत नाही.
वजनाला वाट माहीत असते,
तुम्ही फक्त आडवे येऊ नका.
हे मी किती पोरांना सांगितलं असेल,
ओरडून, भट्टीच्या आवाजावर.

निंगाप्पानं हातात काठी दिली. सात नंबरची.
"आता हेच. चेंडूकडं बघू नका फार."

काठी कमरेच्या वर गेलीच नाही.
डावी टाच उचलली गेली, जी उचलायची नव्हती.
चेंडू बुटका उडाला, गवताला घासून म्हणावं इतका,
आणि शंभरेक पावलांवर
जिथं जायचं तिथं जाऊन बसला.

कर्नलसाहेब म्हणाले, हे काय?
तव्यावर आंबोळी घालताय का?
निंगाप्पा पिशवी खांद्यावर टाकत एवढंच म्हणाला,
"साकु."
पुरे.

पुढच्या आठवड्यात बँकेतले मुतगेकर
माझी नक्कल करायला लागले.
तशीच कंबर, तशीच टाच.
त्यांचा चेंडू थेट म्हशीच्या पाठीवर.
म्हैस बघत राहिली.
निंगाप्पानं त्यांना विचारलं,
"साहेब, नोटा कशा मोजत होता तुम्ही?"
ते अजून विचार करतायत.

कधीकधी काठी मागं नेताना
पलीकडचं टोक कुणीतरी धरलंय असं वाटतं.
वळून बघत नाही. बघितलं तर चेंडू चुकतो.

संध्याकाळी खांदा दुखतो अजून.
पण तो भट्टीचा आहे,
गोल्फवर घालू नका.